डासांची फवारणी पक्ष्यांपर्यंत कशी पोहोचते

डासांसाठी धूर मारून गेला की पक्षी मरतात का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आज वापरात असलेली बहुतेक औषधं ठरवून दिलेल्या मात्रेत मारली तर पक्षी जागच्या जागी मरून पडत नाहीत. एवढा दिलासा नक्की आहे. पण इथेच थांबलं तर निम्मी गोष्ट सुटून जाते. डास मारायच्या औषधांनी पक्ष्यांचं जे सर्वांत मोठं नुकसान केलं, त्यात मेलेले पक्षी फारसे कुणाला दिसलेच नाहीत. अंडी फुटली, घरटी रिकामी राहिली, आणि कुठे कुठे पिल्लांना पुरेसं खायला मिळालं नाही. म्हणून माझ्या मते फवारणी पक्ष्यांना घातक आहे की नाही हे ठरवायचं तर जमिनीवर पडलेले पक्षी मोजून भागत नाही. घरट्यातून किती पिल्लं उडाली ते मोजावं लागतं.

आधी फवारणीचे प्रकार पाहू, कारण पक्ष्यांना होणारा त्रास बराचसा त्यावरच ठरतो. घरातल्या भिंतींवर औषध मारतात ते भिंतीवर टेकणाऱ्या डासासाठी. उघड्यावर उडणाऱ्या डासांसाठी गाडीवरून, खांद्यावरच्या यंत्रातून किंवा विमानातून अगदी बारीक थेंब सोडतात. हे थेंब साधारण १० ते ३० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, म्हणजे हवेत तरंगत राहतील आणि उडत्या डासाला चिकटतील असे. तिसरा मार्ग पाण्याचा. डास जिथे वाढतात त्या पाण्यात अळ्या मारणारं औषध टाकायचं. भिंतीवरचं औषध पक्ष्यांपासून सर्वांत लांब वाटतं आणि पाण्यातलं सर्वांत निरुपद्रवी. दोन्ही समजुती पूर्णपणे खऱ्या नाहीत.

डीडीटी आणि फुटणारी अंडी

डीडीटी कीटक मारतं हे पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधून काढलं आणि १९४८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मलेरिया आणि टायफसपासून या औषधाने असंख्य माणसं वाचवली, हे विसरून पुढची गोष्ट सांगणं अन्यायाचं होईल. अडचण अशी की डीडीटी लवकर विघटित होत नाही. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळतं. त्यामुळे ज्या प्राण्याच्या अंगात शिरतं त्याच्या चरबीत साठून राहतं.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या खाऱ्या दलदलींवर डासांसाठी जवळपास वीस वर्षं डीडीटी मारलं गेलं. जॉर्ज वुडवेल, चार्ल्स वर्स्टर आणि पीटर आयझॅकसन यांनी तिथल्या जीवांच्या अंगातलं डीडीटी मोजलं आणि १९६७ मध्ये निष्कर्ष छापले. प्लवकांमध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये, दहा लाख भागांत ०.०४ भाग डीडीटी होतं. प्लवक खाणारे बारीक जीव, ते खाणारे लहान मासे, लहान मासे खाणारे मोठे मासे अशा पायऱ्या चढत गेल्यावर एका कुरव पक्ष्याच्या अंगात ते ७५ भागांवर पोहोचलं होतं. म्हणजे जवळपास दोन हजार पट. पक्ष्यावर कुणी फवारा मारला नव्हता. तो फक्त मासे खात होता.

त्याच किनाऱ्यावर ऑस्प्रे हा मासे खाणारा शिकारी पक्षी मोठ्या संख्येने वीण करायचा. लाँग आयलंडच्या टोकाशी असलेल्या गार्डिनर्स बेटावर १९४० च्या दशकात त्याची तीनशेच्या आसपास घरटी होती. साठच्या दशकात घरटी झपाट्याने कमी झाली आणि उरलेल्यांतूनही पिल्लं जवळजवळ निघेनाशी झाली. मोठे पक्षी धडधाकट दिसत. येत, घरटं बांधत, अंडी घालत, आणि अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्याच वजनाखाली चिरडली जात.

दोष अंड्यात आहे की आईबापांच्या वागण्यात, हे शोधायला पॉल स्पिट्झर या तरुण संशोधकाने एक सुंदर प्रयोग केला. कनेक्टिकटमध्ये ऑस्प्रेंची वीण फसत होती, मेरीलँडमध्ये ती बरीच बरी चालली होती. त्याने दोन्हीकडच्या अंड्यांची अदलाबदल केली. मेरीलँडची अंडी कनेक्टिकटच्या घरट्यांत नीट उबली. कनेक्टिकटची अंडी मेरीलँडच्या घरट्यांतही उबली नाहीत. आईबाप आपलं काम चोख करत होते, अंडंच बिघडलेलं होतं. इतक्या साध्या साधनांनी इतकं स्पष्ट उत्तर मिळाल्याची उदाहरणं पक्षिशास्त्रात थोडी असतील.

बिघाडाचं कारण तोवर पुढे येऊ लागलं होतं. डीडीटी शरीरात मोडून डीडीई नावाचं द्रव्य तयार होतं. पक्षिणीच्या शरीरात अंड्यावर कवच चढवणारी ग्रंथी असते. तिथे रक्तातलं कॅल्शियम कवचापर्यंत पोहोचण्याच्या क्रियेत डीडीई अडथळा आणतं आणि कवच पातळ राहतं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवलं की बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पातळ झाली आहेत. संग्राहकांनी पूर्वी गोळा करून ठेवलेली जुनी अंडी या तुलनेसाठी कामी आली. एक बाब इथे मुद्दाम लक्षात ठेवायला हवी. शिकारी पक्षी आणि झोळीवाले (पेलिकन) यांची कवचं डीडीईने फार पातळ होतात, तर कोंबडी आणि लाव्यांच्या कवचावर त्याचा परिणाम नगण्य असतो. आणि प्रयोगशाळेत विषाची चाचणी घ्यायला सहज मिळणारे पक्षी म्हणजे नेमके कोंबड्या आणि लावे. एका जातीवर औषध सुरक्षित ठरलं म्हणून सगळे पक्षी सुरक्षित, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

डीडीटीमुळे पक्षी थेट मेल्याच्याही घटना होत्या. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरी इथल्या ओल्गा हकिन्स यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं, की डासांसाठी विमानातून फवारणी झाल्यावर त्यांच्या आवारातले गाणारे पक्षी मरून पडले. त्यांनी हे रेचल कार्सन यांनाही कळवलं आणि कार्सन यांनी कीटकनाशकांवर १९६२ मध्ये जे पुस्तक छापलं त्याला हे पत्र निमित्त झालं. १९६६ मध्ये लाँग आयलंडच्या डास नियंत्रण विभागावर खटला भरला गेला आणि न्यायालयाने डीडीटीच्या फवारणीला तात्पुरती मनाई केली. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीचे जवळपास सर्व वापर थांबवले. त्यानंतरच्या दशकांत ऑस्प्रे परत आले.

डीडीटी मात्र जगातून गेलेलं नाही. २००१ मध्ये सह्या झालेल्या आणि २००४ पासून लागू असलेल्या स्टॉकहोम करारात रोग पसरवणाऱ्या कीटकांसाठी त्याला मर्यादित मुभा आहे, आणि हा वापर मुख्यतः घरातल्या भिंतींवर होतो. दक्षिण आफ्रिकेच्या मलेरियाग्रस्त भागांत घरांच्या आतच डीडीटी मारलं जातं, तरीही तिथल्या बगळे, पाणकावळे यांसारख्या पाणपक्ष्यांच्या अंड्यांत डीडीई सापडलं आहे. भिंतीवरचं औषध धुळीतून, झाडलोटीतून, सांडपाण्यातून बाहेर पडतं आणि तळ्यात पोहोचलं की पुन्हा त्याच पायऱ्या चढू लागतं. माणसाच्या जिवासाठी ही किंमत मोजायची का, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. पण घराच्या आत मारलं म्हणून ते आतच राहतं, असं मानणं चूक आहे.

मज्जातंतूंवर घाव घालणारी औषधं

डीडीटीनंतर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं पुढे आली. मॅलॅथिऑन, नॅलेड, टेमेफॉस, फेंथिऑन ही त्यातली नावं. ही लवकर विघटित होतात, त्यामुळे अन्नसाखळीत साठत नाहीत. मात्र त्यांचा घाव तत्काळ असतो. एका मज्जापेशीचा संदेश पुढे जाताना ॲसिटिलकोलीन हे द्रव्य बाहेर पडतं आणि काम झालं की कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याला लगेच मोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकरालाच निकामी करतं. मग दाराच्या घंटेचं बटण दाबलेलंच अडकून बसावं तसं होतं. संदेश थांबतच नाही. स्नायू थरथरतात, लाळ गळते, शेवटी श्वास बंद पडतो.

या गटाचा धोका पक्ष्यांना सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त असतो. सस्तन प्राण्यांच्या रक्तात ही विषं मोडणारी काही विकरं भरपूर असतात. बहुतेक पक्ष्यांत ती अत्यल्प असतात. त्यामुळे उंदरावर घेतलेल्या चाचणीतून पक्ष्याबद्दल काढलेला अंदाज खूप चुकू शकतो.

फेंथिऑनची कहाणी यात सर्वांत बोलकी आहे. आफ्रिकेत पिकांवर लाखोंच्या थव्याने उतरणारा क्वेलिया हा सुगरणीच्या कुळातला पक्षी मारण्यासाठी फेंथिऑन फवारतात. ते कातडीतूनही शोषलं जातं, इतकं की पक्ष्यांना मारण्यासाठी विषारी दांड्या बनवल्या जात. पक्षी दांडीवर बसला की पायांतून विष आत जायचं, आणि असा मेलेला पक्षी खाणारी घुबडंही मरायची. पक्षी मारायलाच वापरलं जाणारं हे औषध फ्लोरिडामध्ये डासांसाठी हवेतून फवारलं जात होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मार्को आयलंडच्या किनाऱ्यावर फवारणीनंतर किनारी पक्षी मेलेले सापडू लागले. त्यांत कायद्याने संरक्षित असलेले पायपिंग प्लोव्हर, म्हणजे चिखल्यांपैकी एक छोटी जातही होती. पक्षिप्रेमी संस्थांनी पाठपुरावा केला आणि २००४ मध्ये हा वापर संपला. मला यातली संतापजनक गोष्ट ही वाटते, की फेंथिऑन पक्ष्यांना मारतं हे कुणालाच नवं नव्हतं.

मेलेला पक्षी ऑर्गॅनोफॉस्फेटनेच मेला का, हे तपासता येतं. मेंदूतल्या कोलिनेस्टरेजचं काम निम्म्याहून खाली आलं असेल तर ते मृत्यूचं कारण मानलं जातं, २० टक्क्यांहून जास्त घट म्हणजे विषाचा संपर्क झाल्याची खूण. फक्त त्यासाठी पक्षी हाती लागावा लागतो, तोही ताजा. आजारी पक्षी झुडपात दडून मरतात आणि मेलेले पक्षी मुंगूस, मांजरं, कावळे रातोरात उचलून नेतात. दहा सापडले तर खरे किती मेले हे सांगणं कठीण असतं.

न मारणाऱ्या मात्रेचे परिणाम तर आणखीच नजरेआड राहतात. या विषाने पक्ष्याचं शरीर काही काळ थंड पडतं, थंडीच्या रात्री तेवढंही जिवावर बेतू शकतं. संशोधकांनी घरट्यात पिल्लं असलेल्या स्टार्लिंग पक्ष्याच्या माद्यांना याच गटातलं एक औषध अल्प मात्रेत दिलं, तर त्यांच्या पिल्लांना भरवण्याच्या फेऱ्या कमी झाल्या. दुसऱ्या एका प्रयोगात पांढऱ्या गळ्याच्या चिमण्यांना याच गटातलं ॲसिफेट दिलं. प्रौढ पक्ष्यांना स्थलांतराची दिशाच पकडता येईना. असे पक्षी मेलेल्यांच्या यादीत कधी येत नाहीत.

आजचा धूर

आज उघड्यावरच्या फवारणीत पायरेथ्रॉइड गटाचा वापर खूप आहे. पक्षी ही द्रव्यं शरीरात झटपट मोडतात आणि त्यांच्यासाठी थेट विषारीपणा खूपच कमी आहे. मासे, कोळंबी आणि पाण्यातल्या कीटकांसाठी मात्र ती अतिशय घातक आहेत, म्हणून तळ्याकाठी त्यांचा धूर सोडणं वाईटच. स्पेनमधल्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांमध्ये पायरेथ्रॉइड सापडली आहेत. ती शरीरात अजिबात टिकत नाहीत ही जुनी समजूत त्यामुळे ढिली झाली. अर्थात सापडणं आणि अपाय होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

विष नाही, पण भूक आहे

आता सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या भागाकडे येऊ. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात एका डबक्यात मेलेल्या डासअळ्यांतून एक जिवाणू मिळाला. बीटीआय या नावाने तो आज जगभर वापरला जातो. अळीने तो गिळला की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात त्याची प्रथिनं विषारी होतात आणि आतडं फुटतं. पक्षी, मासे, माणसं यांना त्याने काही होत नाही. मी स्वतः त्याला हवेतल्या विषारी फवाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला पर्याय मानतो.

पण डासांच्या जवळची नातलग असलेली, न चावणारी कायरोनोमिड चिलटंही त्याने मरू शकतात. डास पक्ष्यांचं मुख्य अन्न आहे असं लोक समजतात. बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत ते तितकंसं खरं नाही. ही चिलटं मात्र पाणथळ जागी प्रचंड संख्येने निघतात आणि हवेत किडे टिपणाऱ्या भिंगरी पक्ष्यांपासून चतुरांपर्यंत अनेकजण त्यांच्यावर जगतात. पिल्लं वाढवताना तर दाणे खाणारे पक्षीसुद्धा किडे शोधतात, कारण पिल्लाच्या वाढीला प्रथिनं लागतात.

फ्रान्सच्या दक्षिणेकडे कामार्ग हा मोठा पाणथळ प्रदेश आहे. तिथे २००६ पासून काही भागांत बीटीआयची फवारणी सुरू झाली. ब्रिजिट पुलँ आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हाऊस मार्टिन या भिंगरीच्या घरट्यांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. फवारणी न झालेल्या ठिकाणी घरट्यामागे सरासरी ३.२ पिल्लं उडाली, फवारणी झालेल्या ठिकाणी २.३. फवारणीच्या भागात पिल्लांच्या तोंडी चिलटं कमी पडत होती, आणि चिलटांवर जगणारे कोळी आणि चतुरही कमी पडत होते. त्यांच्या जागी आईबाप पंखवाल्या मुंग्या आणत होते. मुंग्या आकाराने लहान, तेवढ्याच फेऱ्यांत पोटात कमी जातं. एकही पक्षी विषाने मेला नाही, तरी घरट्यामागे जवळपास एक पिल्लू कमी झालं.

याच्या उलट निकालही आहे आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या पाणथळींवर १९९१ ते १९९३ मध्ये बीटीआय आणि मेथोप्रीन ही अळीनाशकं प्रयोग म्हणून टाकली गेली. पाण्यातले किडे पुढे बरेच घटले, पण तिथे वीण करणाऱ्या लाल खांद्याच्या ब्लॅकबर्डच्या पिल्लांवर परिणाम दिसला नाही. मला हे दोन निकाल एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. ब्लॅकबर्ड आसपासच्या कोरड्या रानातही चरायला जातो, त्याला दुसरा पर्याय असतो. भिंगरी हवेतल्या किड्यांवरच जगते आणि पिल्लांसाठी घरट्यापासून फार लांब जाणं तिला परवडत नाही. म्हणजे कुठल्या पाणथळीवर, किती वर्षं सलग, आणि कुठल्या पक्ष्याच्या विणीच्या काळात टाकलं, यावर उत्तर बदलतं.

वेळ चुकली की काय होतं याचं एक उदाहरण पक्ष्यांचं नसलं तरी सांगतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात झिकाच्या भीतीने सकाळी विमानातून नॅलेड फवारलं गेलं. त्या वेळी मधमाश्या बाहेर पडलेल्या होत्या. लाखो मेल्या. फवारणीची वेळ ठरवताना डास कधी उडतात एवढंच पाहिलं तर चुकतं. संध्याकाळी पाकोळ्या, रातवे आणि वटवाघळं त्याच हवेत किडे टिपत असतात.

कुठे फवारणी होणार असेल तर विचारण्यासारखे प्रश्न मोजकेच आहेत. कोणतं औषध, किती मात्रा, पाण्यापासून किती अंतरावर, आणि डासांची मोजणी करून ठरवलं की वार ठरलाय म्हणून मारताय? शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त किंमत देतो. डबकी बुजवणं, टाक्या झाकणं, साचलेलं पाणी आठवड्याला ओतून देणं याने अळी प्रौढ होण्याआधीच संपते आणि कुठल्याही पक्ष्याला त्याची झळ बसत नाही.

डास पक्ष्यांचेही शत्रू आहेत

एवढं वाचून डासांना मोकळं सोडावं असं कुणाला वाटेल, तर दुसरी बाजूही बघायला हवी. १९९९ मध्ये वेस्ट नाईल विषाणू न्यूयॉर्कमध्ये पोहोचला तेव्हा कावळे पटापट मरू लागले. पुढच्या काही वर्षांत अमेरिकी कावळ्यांची संख्या काही भागांत ४५ टक्क्यांपर्यंत घटली. हा विषाणू डासांतून पसरतो.

सर्वांत बिकट अवस्था हवाई बेटांवर आहे. तिथे मुळात डास नव्हतेच. १८२६ च्या सुमारास जहाजांतून ते पोहोचले, पुढे पक्ष्यांचा मलेरियाही आला. हनीक्रीपर या तिथल्याच पक्षिकुळाच्या पन्नासहून जास्त जाती होत्या, आज सतराच्या आसपास उरल्या आहेत. इइवी या लाल पक्ष्याला एका संसर्गित डासाने चावलं तर मरण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. उंच, थंड डोंगरांवर डास टिकत नसत, म्हणून पक्षी तिथे तग धरून होते. हवामान तापतंय तसे डास वर चढत आहेत.

इथे कीटकनाशक फवारणं सुचणं साहजिक आहे. पण त्या जंगलांत जगात दुसरीकडे कुठेच नसलेले असंख्य किडे आहेत, आणि त्यातलेच अनेक या पक्ष्यांचं खाणं आहेत. म्हणून तिथे वेगळा मार्ग घेतला आहे. वोल्बाकिया हा जिवाणू अनेक किड्यांच्या पेशींत नैसर्गिकपणे राहतो. त्याचा वेगळा प्रकार असलेले नर डास वाढवून जंगलात सोडतात. नर चावत नाहीत. त्यांच्याशी मिलन झालेल्या जंगली माद्यांची अंडी उबतच नाहीत. २०२३ च्या अखेरीस माउई बेटाच्या जंगलात असे नर हेलिकॉप्टरमधून, कुजून जाणाऱ्या डब्यांतून सोडायला सुरुवात झाली. जंगली नरांपेक्षा त्यांचं प्रमाण सतत जास्त ठेवावं लागतं, म्हणून हे काम एकदा करून संपत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. काउआई बेटावरच्या अकिकिकीसारख्या जातीचे पक्षी तर रानात बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. त्यांची अंडी गोळा करून पिल्लं बंदिस्त जागेत वाढवली गेली, जंगल डासमुक्त होईपर्यंत जात टिकावी म्हणून.